अक्काला हात लावायचा न्हाय

“घरात आमी दोघीच. मी आणि अक्का,” खोली दाखवताना घरमालकीण मावशी म्हणाल्या होत्या. “अक्काला दणका सोसत न्हाय. दार आदळायचं न्हाय, मिक्सर गॅलरीत लावायचा आणि जिन्यावरनं पळायचं न्हाय. पटत असंल तर सामान आण.”

मला पटलं. मी नाशिकहून नुकतीच कोल्हापुरात आले होते, राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले होते. दवाखान्यापासून पाच मिनिटांवर वरच्या मजल्याची खोली आणि खाली दोन वयस्कर बायका, याहून जास्त माझ्या आईला काय हवं होतं? अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, अंथरुणाला खिळलेली असणार, हे मी धरूनच चालले. त्यांचं माहेर कागलकडचं. तिकडं कानडी वळणानं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, हे पेशंटांच्या बोलण्यातून मला कळलं होतं. आठ दिवस मी मांजरीच्या पावलांनी जिना चढले-उतरले. खालून अधूनमधून त्यांचा आवाज यायचा, “अक्का, आज बी न्हाय खाल्लंस व्हय गं. बरं, ऱ्हाऊ दे.” त्या न बघितलेल्या म्हातारीची मला काळजी वाटायला लागली. नवव्या दिवशी मुगाची मऊ खिचडी केली, वर तूप सोडलं आणि वाटी घेऊन खाली गेले.

“मावशी, अक्कांसाठी आणलीय.”

त्यांनी वाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. हसल्या नाहीत. “ये आत,” म्हणाल्या.

आतल्या खोलीत पलंग नव्हता. भिंतीला लागून एक बुटकं टेबल, टेबलावर चार घड्या घातलेली वाकळ आणि वाकळेवर मासे ठेवतात तसली काचेची पेटी. पेटीत निम्म्यापर्यंत तांबडी माती, झाडाच्या सालीचा एक तुकडा, बाटलीच्या झाकणात पाणी. साल हलल्यासारखी वाटली म्हणून मी वाकले. साल हलली नव्हती. सालीवर माझ्या तळहाताएवढा करडा, केसाळ कोळी बसला होता आणि त्यानं एक पाय उचलून, अगदी विचार करून, पुढं टेकवला होता.

वाटी माझ्या हातातून पडली नाही, कारण ती त्यांनी आधीच काढून घेतली होती.

“टॅरंटुला म्हणत्यात हिला,” त्या म्हणाल्या, आणि उभ्याउभ्याच खिचडी खायला लागल्या.

त्या दिवशी खोली सोडावी असं मनात आलं होतं. का सोडली नाही ते आता नीट सांगता येणार नाही. बहुतेक त्यांनी खिचडी संपवल्यावर “मीठ बरोबर पडलंय” म्हटलं म्हणून.

त्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागल्या आणि तिथंच निवृत्त झाल्या. शिक्षण सातवी. बरण्या धुणं, बेडूक आणणं, मुलांनी फोडलेल्या काचा गोळा करणं हे काम. “सायेब लोक पुस्तकात बघायचं, मी बरणीत बघायचो,” असं सांगायच्या. स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो’, ‘मी गेलतो’ असंच म्हणायच्या, कोल्हापुरातल्या पुष्कळ बायका म्हणतात तसं. कंपाउंडच्या भिंतीसाठी राधानगरीकडून जांभ्या चिऱ्यांचा ट्रक आला होता, त्यातल्या एका चिऱ्याच्या भोकात नखाएवढी अक्का सापडली. गवंडी चपलेनं मारायला निघाला होता. “त्येच्या आधी मी बरणी आणली,” एवढंच त्या सांगायच्या. मी राहायला गेले तेव्हा त्या गोष्टीला तीन वर्षं झाली होती. अक्का मादी आहे हे त्यांनी तिनं टाकलेल्या कातींवर भिंग धरून ठरवलेलं होतं. “माद्या लई जगत्यात. मला पोचवूनच जाती बघ ही,” असं त्या समाधानानं म्हणायच्या.

पेटीवरच्या भिंतीला कॅलेंडर होतं. त्याच्या चौकोनात लोक दूध लिहितात, गॅसचा नंबर लिहितात. त्यांच्या कॅलेंडरवर लिहिलेलं असायचं: ‘नाकतोडा खाल्ला.’ ‘न्हाय खाल्लं.’ ‘पाण्यावर बसली.’ ‘काचेवर चढली, पाऊस येनार.’ ‘बिळाचं तोंड विणलं.’ अक्काला त्यांनी कधी हातात घेतलं नाही. “हातात घ्यायची वस्तू न्हाय ती. चावली तर दोन दिस हात जाळत बसशील, आणि पडली तर तिचं पोट फुटंल. आधी बघायचं. मग इचार करायचा. मग बी हात लावायचा न्हाय.” हे त्या सगळ्यांबद्दलच म्हणायच्या. शेजारच्या बाईंचं मांजर जेवेना, तर त्यांनी मांजराकडं न बघता त्या बाईंना विचारलं, “घरातली कुठली वस्तू हलवलीसा?” शिवणयंत्र हलवलं होतं. मांजर त्याच्याखाली झोपायचं. यंत्र जागेवर गेलं आणि मांजर जेवलं.

माझ्या पहिल्या गणपतीत गल्लीतल्या मंडळानं ध्वनियंत्रणेची भिंत लावली, ती बरोबर आमच्या घराकडं तोंड करून. खिडक्यांची तावदानं थरथरत होती. मावशींनी अध्यक्षाला बोलावून आणलं. आडव्या अंगाचा, सोनेरी साखळीवाला माणूस. भांडणाच्या तयारीनं आला होता. मावशींनी त्याला सरळ पेटीपुढं उभं केलं.

“हिकडं बघा पावणं. हिनं काल बिळाचं तोंड लिंपून घेतलंतं. आज पुन्हा बाहेर आलीया, कारण बिळात जास्त हादरतंय. आणि आता काय करायलीया बघा.”

अक्का मागच्या पायांवर उभी राहिली होती. पुढचे चार पाय वर, मधे तांबूस तोंड आणि काळे दात. बाहेर ढोलाचा ठोका पडला की ती तो झेलल्यासारखी मागं व्हायची आणि पुन्हा उभी राहायची. अध्यक्ष काचेपाशी वाकला.

“ही अशी कवापासनं?” त्यानं हळू आवाजात विचारलं.

“सकाळी धापासनं.”

पंधरा मिनिटांत भिंतीचं तोंड चौकाकडं वळलं. गल्लीत हृदयाचे दोन पेशंट होते, एक बाळंतीण होती. त्यांच्यासाठी केलेल्या अर्जांनी जे झालं नव्हतं ते या कोळ्यानं केलं. मी आश्चर्यानं बघत राहिले. मावशींनी कॅलेंडरवर लिहिलं: ‘दनका कमी. उतरली.’

पुढच्या वर्षी मे महिन्यात अक्काचं खाणं थांबलं. तीन आठवडे तिनं कशाला तोंड लावलं नाही. रंग उतरून धुळीसारखा झाला. चालणं मंदावलं, दिवसभर एका कोपऱ्यात. आणि नेमकं त्याच सुमारास कागलला त्यांच्या भाच्याचं लग्न निघालं. जाताना त्या मला म्हणाल्या, “सांजच्याला येतो. कायबी दिसलं तरी हात लावायचा न्हाय. पाणी तेवढं बघ.”

दुपारी मी पाणी बघायला गेले तर अक्का उताणी पडलेली होती. आठही पाय वर, थोडे वाकलेले. मी काचेवर नखानं टकटक केलं. काही नाही. पुन्हा केलं. काही नाही.

मला रडू आलं, आणि मग एक विचार आला, जो तेव्हा मला फार चांगला वाटला. मावशी लग्नाहून आनंदात येतील आणि आल्याआल्या हे बघतील, ते नको. तिला कागदात गुंडाळून नीट ठेवावं, पेटीवर फडकं टाकावं आणि मग त्यांना बसवून सांगावं. ‘कायबी’ या शब्दात मेलेलंही येतं, हे मला सुचलं नाही. मी केरसुपली आणली. वर्तमानपत्राच्या घडीनं तिला सुपलीत सरकवलं आणि उचललं. पेटीच्या काठाशी आले असताना एक पाय हलला. माझा हात इतका जोरात हलला की ती सुपलीवरून घरंगळून परत मातीत पडली. वीतभर उंची असेल.

मी फोन लावला. पलीकडं वाजंत्री चालली होती.

“मावशी, अक्का उताणी पडली होती. मला वाटलं गेली. मी उचलली. तिचा पाय हलला आणि ती पडली.”

वाजंत्रीचा आवाज लांब गेला, त्या बाजूला आल्या असाव्यात. मग त्या म्हणाल्या, “किती वरनं?”

“वीतभर.”

“पंखा बंद कर. खोलीतनं बाहेर हो. दार ओढून घे.” आणि फोन ठेवला.

तासाभरात त्या दारात उभ्या होत्या. नवी इरकल, गळ्यात ठुशी, मुठीत अजून अक्षता. बस मिळेना म्हणून दुधाच्या टेम्पोतून आल्या होत्या. भाच्याच्या डोक्यावर अक्षता पडायच्या आधी आत्या उठून गेली, हे कागलमध्ये अजून बोललं जातं म्हणे. माझ्याकडं न बघता त्या आत गेल्या आणि पेटीपुढं जमिनीवर बसल्या. मी दाराशी उभी राहिले. पेटीवरची नजर न काढता म्हणाल्या, “बस की.”

अक्का कात टाकत होती. पाठीवर उताणं पडूनच टाकायची असते. जुनं कवच पाठीकडून फाटतं आणि ती त्यातून एकेक पाय ओढून काढते. त्या वेळी ती इतकी मऊ असते की एखादा रातकिडाही तिला खाऊन जाईल. हे सगळं त्यांनी मला त्या चार तासांत सांगितलं, बातम्या सांगाव्यात तशा आवाजात. “उताणी पडली तर जिती हाय. पोटाखाली पाय आवळून पालथी बसली तर मग रडायचं. मला सांगायला पायजेल हुतं. चूक माझी बी हाय.”

सात पाय बाहेर आले. उजव्या अंगाचा तिसरा अडकला. त्यांनी रंगाचा बारीक ब्रश पाण्यात बुडवून एक थेंब त्या जागी सोडला. मग थांबल्या. पुन्हा एक थेंब. स्वतःचाच पाय अडकल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता, पण थेंब बरोबर त्याच जागी पडत होते. थांबता थांबता एकदा अचानक म्हणाल्या, “आमचं मालक वारायच्या आधी पंधरा दिस जिन्यात मधीच थांबायचं. कठड्याला धरून. मी म्हणायचो, वय झालं व्हय एवढ्यात? ते हसायचं. तीस वर्सं बरणीत बघितलं आणि घरात बघितलं न्हाय.”

आणि ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला.

दिवेलागणीला अक्कानं तो अडकलेला पाय बुडातून सोडून दिला. तिनंच. जुन्या कवचात एक पाय राहिला आणि ती सात पायांवर बाजूला सरकली. मी मोठ्यानं रडले.

“गप. पुढच्या कातीला परत येतोय पाय,” त्या म्हणाल्या. “ह्यांचं तुमच्या पेशंटासारखं न्हाय. पहिल्यांदा बारका येतोय, मग मोठा.”

दुसऱ्या दिवशी त्या टाकलेल्या कातीवर भिंग धरून बसलेल्या दिसल्या. नंतर पेटीपाशी गेल्या, पुष्कळ वेळ तिथं थांबल्या. मी विचारलं, “काय झालं?” तर “कुठं काय” म्हणाल्या. पण त्या दिवसापासून त्यांनी अक्काला अक्का म्हणणं सोडलं. “पावणं कसं हायत?” “पावण्यांनी आज बी जेवान सोडलं.” मला वाटलं, नवं रूप आलंय म्हणून गमतीनं म्हणत असतील. रूप खरंच बदललं होतं. अंग बारीक, पाय लांब, आणि तोंडाशी जे दोन आखूड पाय असतात त्यांची टोकं तालमीतल्या मुद्गलासारखी फुगलेली. स्वभावही बदलला. दिवसभर सालीखाली बसणारी अक्का आता पेटीच्या एका कडेनं निघून दुसऱ्या कडेला जायची, वळायची, परत निघायची. काचेवर चढायची, झाकणाशी खरखर करायची. बीळ विणणं बंद. खाणं बंद.

हे माझ्यामुळं आहे, अशी माझी खात्री होती. पाय गेलेले पेशंट मी रोज बघत होते. त्यांची ती तगमग मला ठाऊक होती. एक दिवस विचारलं, “तिला दुखत असेल का हो?”

“दुखत न्हाय. निघायची घाई हाय,” त्या म्हणाल्या आणि भाकरी थापत राहिल्या.

ऑगस्टमध्ये आमच्या दवाखान्यात खांद्याच्या व्यायामासाठी एक प्राध्यापक यायला लागले. प्राणिशास्त्राचे, मावशींच्याच कॉलेजातले. मी त्यांना फोनवरचा फोटो दाखवला आणि विचारलं, की हिला पाय परत यायला किती दिवस लागतील.

त्यांनी फोटो मोठा करून बघितला. “ही नाही, हा आहे. नर. वयात आलाय, ही फुगलेली टोकं दिसतात ना? नराची ही शेवटची कात. आता मादी शोधत हिंडायचं, तेवढंच काम. काही महिने जगेल.”

“आणि पाय?”

“कात नाही तर पाय कुठला?” मग त्यांनी विचारलं, “कोणी पाळलाय?” मी मावशींबद्दल सांगितलं तर ते खांदा विसरून उठून बसले. “त्या? अहो, मी नवा होतो तेव्हा कोळ्यातले नर-मादी मला त्यांनी दाखवले. वयात येईपर्यंत ओळखताना भलेभले चुकतात, पण ही कात पडल्यावर त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार.”

त्या दिवशी पुढचे तीन पेशंट मी कसे केले मला आठवत नाही. पावणं. निघायची घाई. तीन महिने त्या माझ्यासमोर तेच तर म्हणत होत्या. ज्या बाईनं गल्लीतल्या एका नव्या सुनेला तिच्या तोंडावर “तुझ्या सासूला तू आवडत न्हाईस, उगं खपू नको” असं सांगितलं होतं, जिनं मला “तुझं नाक चांगलं हाय, बाकी ठीक” असं सांगितलं होतं, ती माझ्याशी खोटं बोलली होती.

मी घरी आले. त्या गॅलरीत शेंगा सोलत होत्या.

“पाय येणार नाही ना आता?”

त्यांनी शेंग बाजूला ठेवली. “न्हाय.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय.”

“मग मला का सांगितलं नाहीत?”

“तू जेवत नव्हतीस,” त्या म्हणाल्या. “तुझ्या कचऱ्याच्या बादलीत सा दिस चहाच्या चोथ्याशिवाय काय नव्हतं. त्यात आणि हे कुठं सांगू?”

मी तिथंच खाली बसले. त्यांनी अर्ध्या शेंगा माझ्यापुढं सरकवल्या. आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत सोलत बसलो. उठताना म्हणाल्या, “ऐतवारी सुट्टी हाय न्हवं? पावण्यांना पोचवायला जायाचं हाय. चल.”

रविवारी आम्ही राधानगरीची बस धरली. मावशींच्या मांडीवर चटणीची मोठी बरणी, झाकणाला भोकं, वरून ओलं फडकं. कंडक्टर म्हणाला, “मावशी, लोणचं सांडंल, खाली ठेवा.”

“लोणचं न्हाय. पावणं हायत,” त्या म्हणाल्या आणि फडकं जरा वर केलं. कंडक्टर पुढचे दोन थांबे तिकिटं द्यायला आमच्या बाजूच्या बाकांकडं आला नाही.

राधानगरीच्या पुढं एका वाडीच्या फाट्याला उतरून आम्ही चालत गेलो. डाव्या हाताला जांभ्याची उभी दरड होती, शेवाळलेली, ओली. मावशी कुठंही न शोधता एका ठिकाणी जाऊन थांबल्या. मागचे दोन सोमवार त्या ‘पावण्याकडं जाऊन येतो’ म्हणून दिवसभर गायब होत्या, त्या कुठं गेल्या होत्या ते मला तिथं कळलं. कमरेएवढ्या उंचीवर दरडीत रुपयाच्या नाण्याएवढं भोक होतं आणि त्याच्या कडेनं पांढऱ्या धाग्याचं गोल अस्तर. आत कोणीतरी राहतं, हे मलाही दिसलं.

त्यांनी बरणी आडवी करून भोकापासून हातभर अंतरावरच्या कपारीत ठेवली आणि झाकण काढलं. पंधरा-वीस मिनिटं काही झालं नाही. बारीक पाऊस येत होता. मग तो बाहेर आला. पेटीत तीन महिने नुसत्या फेऱ्या मारणारा तो दरडीवर आल्यावर एकदम संथ झाला. थांबत, चाचपत, सात पायांवर तो त्या अस्तरापर्यंत गेला. तिथं तो थबकला आणि फुगलेल्या टोकांनी धाग्यावर ठोके द्यायला लागला. दोन-तीन ठोके, थांबणं, पुन्हा ठोके. आवाज येत नव्हता, पण प्रत्येक ठोक्याला पांढरा धागा हलताना दिसत होता. एवढ्याशा जिवाला हे कोणी शिकवलं? नखाएवढा होता तेव्हापासून त्यानं दुसरा कोळी बघितला नव्हता.

भोकाच्या आतून दोन पाय पुढं आले. त्याच्या पायांपेक्षा जाड.

मावशींनी माझं मनगट धरलं. “चल.”

“मावशी, ती खाईल का त्याला?”

“कवा खाती, कवा न्हाय.”

“मग थांबून बघूया ना. पाच मिनिटं.”

त्यांनी रिकामी बरणी उचलली, झाकण लावलं, फडकं पिळून पिशवीत ठेवलं आणि रस्त्याकडं चालायला लागल्या. मी दोनदा मागं वळून बघितलं. दरड पावसात धूसर झाली होती, भोक कुठलं ते ओळखू येत नव्हतं. त्या मात्र पुढं चालत राहिल्या, भराभर, पदर डोक्यावर ओढून. फाटा येईपर्यंत त्यांनी एकदाही मान वळवली नाही.